केसपेपरवरची कोरी ओळ



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि गोवराने फणफणलो होतो. पुढे एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा गेलो, तो त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसायला. त्या पंधरा दिवसांत त्यांनी मला मुद्दाम काही शिकवले नाही. मी नुसता बघत होतो.

त्यांचे केसपेपर पिवळट, जाड कागदाचे असत. कंपाउंडरकाका ते सुतळीत ओवून फळीवर लावून ठेवत. वर नाव, वय, गाव, खाली तक्रार, मग तपासणी, मग ‘निदान’ असा छापील शब्द आणि त्याच्यापुढे डॉक्टरांच्या बारीक, तिरक्या अक्षरात आजाराचे नाव. त्याच्या खालची एक ओळ ते कायम कोरी सोडत आणि औषधे त्याच्याही खालच्या ओळीपासून लिहीत. मला वाटले, हाताची सवय असेल. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर विचारले. म्हणाले, “ती दुसऱ्या आजाराची जागा. पहिला सापडला की आपलं मन निवांत होतं. ही ओळ कोरी दिसली की परत एकदा छातीला नळी लावावीशी वाटते.”

त्या कोऱ्या ओळीचा खरा अर्थ मला कळायला पुढे बरीच वर्षे गेली, आणि तो कळला तेव्हा एका बाईंना त्याची किंमत मोजावी लागली होती. आजच्या विषयाची सुरुवात मी तिथूनच करतो.

ऑगस्ट २०२२. कोविडची मोठी लाट ओसरलेली होती, पण रुग्ण येत होते. पुण्यात त्याच सुमाराला स्वाइन फ्लू म्हणजे एच१एन१ इन्फ्लुएन्झानेही उचल खाल्ली होती. एके संध्याकाळी छप्पन्न वर्षांच्या एक मावशी आमच्याकडे आल्या. मंडईत भाजी विकायच्या. दहा-बारा वर्षांचा मधुमेह. तीन दिवस ताप, अंग मोडून येत होते, घसा धरलेला, कोरडा खोकला. मेथी निवडून निवडून काळ्या पडलेल्या त्यांच्या बोटावर सिस्टरने ऑक्सिमीटर लावला. आकडा ९४ आणि ९१ च्या मध्ये खालीवर होऊन शेवटी ९१ वर थांबला. मुलाने मोबाइल पुढे केला. आदल्या दिवशीचा रिपोर्ट, आरटीपीसीआर पॉझिटिव्ह.

निदान हातात होते. कोविडच्या नियमाप्रमाणे ऑक्सिजन लावला, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू केले, साखरेवर लक्ष ठेवले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन वाढवावा लागला. मी मनाशी म्हटले, मधुमेह आहे, वेळ लागणार. चौथ्या दिवशी सकाळच्या राउंडला आमची एक निवासी डॉक्टर, शिकत होती अजून, हळूच म्हणाली, “सर, यांच्या नातवाला यांच्या आधी ताप आला होता. त्याच्या वर्गातली निम्मी मुलं घरी आहेत. एवढ्या सगळ्यांना कोविडच असेल का?”

तिने त्यांच्या घरची चौकशी केली होती. मी केली नव्हती. त्याच दुपारी पुन्हा स्वॅब घेतला, इन्फ्लुएन्झाच्या तपासणीसाठी पाठवला. संध्याकाळी उत्तर आले: इन्फ्लुएन्झा ए, एच१एन१. कोविडही होता आणि फ्लूही होता. फ्लूवरचे ओसेल्टामिविर हे औषध ताप आल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाले तर सर्वांत उपयोगी पडते. मावशींना ते सातव्या दिवशी मिळाले. त्यानंतर नऊ दिवस त्या श्वासाला आधार देणाऱ्या बायपॅपच्या मास्कवर होत्या. त्या वाचल्या. पण ते चार दिवस वाया गेले, आणि ते माझ्यामुळे गेले. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो; आज इथे सांगताना जास्त जड जाते, कारण कोरी ओळ मला याच गावात दाखवली गेली होती.

या दुहेरी संसर्गाचे नाव जगभर गाजले ते जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात. इस्रायलमधल्या पेताह तिकवा शहरातल्या बेलिन्सन रुग्णालयात एक गर्भवती स्त्री दाखल झाली होती. तिने दोन्हीपैकी कुठलीच लस घेतलेली नव्हती. तिच्या शरीरात इन्फ्लुएन्झा आणि कोरोना दोन्ही विषाणू सापडले. लक्षणे सौम्य होती, ती बरी होऊन घरी गेली. पण वृत्तपत्रांनी फ्लू आणि कोरोना ही दोन नावे जोडून ‘फ्लुरोना’ असा शब्द वापरला आणि दोन दिवसांत तो घरोघर पोचला. मला तेव्हा रात्री अकरा वाजता फोन येत होते, “डॉक्टर, नवीन विषाणू आलाय म्हणे, दोन्ही मिळून झालेला.”

या शब्दाने नुकसान केले असे माझे मत आहे. एक तर त्याने असे भासवले की हे पहिल्यांदाच घडते आहे. वुहानच्या एका रुग्णालयातल्या ११५ कोविड रुग्णांपैकी पाच जणांना इन्फ्लुएन्झाही होता, हे २०२० मध्येच छापून आले होते. बार्सिलोनाहूनही असे रुग्ण नोंदले गेले होते. दुसरे म्हणजे, दोन विषाणूंचा संकर होऊन तिसराच प्राणी जन्मतो अशी भीती त्या शब्दाने पसरवली. या भीतीविषयी जरा खुलाशाने बोलतो, कारण ती निराधार असली तरी मूर्खपणाची नाही. तिच्या मागे एक खरी गोष्ट आहे.

इन्फ्लुएन्झा विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. दोन वेगळे इन्फ्लुएन्झा विषाणू, समजा एक माणसाचा आणि एक पक्ष्याचा, एकाच पेशीत शिरले तर बाहेर पडताना तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. दोन घरांचे आठ-आठ डबे एकाच ओट्यावर मांडले आणि आवरताना सरमिसळ झाली, तसे. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथींचे विषाणू असेच तयार झाले, माणसाच्या विषाणूत पक्ष्यांच्या विषाणूचे काही तुकडे येऊन. २००९ चा एच१एन१ तर डुकरांमधल्या विषाणूंच्या अशा अनेक सरमिसळींमधून आलेला. तेव्हा ‘दोघे एकत्र आले तर?’ हा प्रश्न रास्त आहे.

पण कोरोना विषाणूची गोष्ट निराळी. त्याची जनुके सुमारे तीस हजार अक्षरांच्या एकाच लांब धाग्यात असतात. तो पेशीच्या केंद्रकात जात नाही, बाहेरच्या द्रवात आपला कारखाना थाटतो. इन्फ्लुएन्झा आपल्या प्रती केंद्रकात शिरून काढतो. पेशीच्या दाराची दोघांची कुलपेही वेगळी: इन्फ्लुएन्झा सियालिक आम्लाला चिकटतो, कोविडचा विषाणू एसीई२ नावाच्या प्रथिनाला. कोरोना विषाणू आपल्याच भावंडांशी धाग्यांची देवाणघेवाण करतात. एक्सबीबी हा उपप्रकार त्यातूनच आला. पण इन्फ्लुएन्झाचा तुकडा कोरोनाच्या धाग्यात गुंफला जाण्याची सोयच निसर्गाने ठेवलेली नाही. एका छातीत दोन आजार राहू शकतात. त्यांचा तिसरा आजार होत नाही. मावशींना दोन वेगळे आजार होते, आणि म्हणूनच त्यांना दोन वेगळी औषधे हवी होती.

आता थोडे मागे जाऊ. या प्रश्नाचा इतिहास मला फार जवळचा वाटतो, कारण इन्फ्लुएन्झाचा आधुनिक इतिहास सुरू होतो तोच मुळी एका दुहेरी संसर्गाच्या घोटाळ्यातून.

१८८९ पासून जगभर एक मोठी तापाची साथ फिरत होती, ‘रशियन फ्लू’ म्हणून ओळखली जाणारी. १८९२ मध्ये जर्मन जीवाणूशास्त्रज्ञ रिशार्ट फायफर यांनी रुग्णांच्या थुंकीत एक बारीक दंडगोल जीवाणू वारंवार पाहिला आणि जाहीर केले की इन्फ्लुएन्झाचे कारण सापडले. माणूस मोठा होता, रॉबर्ट कॉख यांच्या तालमीत तयार झालेला. त्याच्या शब्दाला वजन होते. जीवाणू खराच तिथे होता. रुग्ण खरेच आजारी होते. मग आणखी कशाला शोधायचे? पुढची चाळीस वर्षे डॉक्टरांच्या पुस्तकात इन्फ्लुएन्झाच्या शेजारी त्या जीवाणूचे नाव राहिले. आजही त्याचे शास्त्रीय नाव हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आहे, म्हणजे जो आजार तो घडवतच नाही त्याचे नाव तो मिरवतो. मी ते नाव फळ्यावर लिहितो तेव्हा मला फायफरांचा राग येत नाही, आपली सगळ्यांची आठवण येते.

आणि एक चकित करणारी गोष्ट. २००५ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी ओसी४३ नावाच्या, आज साधे सर्दी-पडसे देणाऱ्या कोरोना विषाणूची जनुके तपासली. तो आणि गुरांमधला एक कोरोना विषाणू यांची वाट १८९० च्या आसपास फुटली असा त्यांचा हिशेब निघाला. त्यावरून काही शास्त्रज्ञ विचारतात, ती १८८९ ची साथ फ्लूची होती की कोरोनाची? उत्तर अजून पक्के झालेले नाही. म्हणजे फ्लू आणि कोरोना यांची गल्लत कदाचित एकशे तीस वर्षांहून जुनी आहे.

मग १९१८. आपल्या भागात जुनी माणसे त्या साथीला ‘मानमोडी’ म्हणत. माझ्या आजीकडून मी हा शब्द ऐकला. तिच्या आईने तो भोगला होता. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले, इथपासून आपल्याकडची नोंद सुरू होते. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट प्राणघातक. देशात किती माणसे गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९२१ च्या खानेसुमारीत भारताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित घटलेली निघाली, आणि आपल्या खानेसुमारीच्या इतिहासात असे दशक हे एकच.

ही माणसे कशाने मेली? २००८ मध्ये अमेरिकेतले संशोधक डेव्हिड मॉरेन्स, जेफ्री टॉबेनबर्गर आणि अँथनी फाउची यांनी त्या काळातल्या शवविच्छेदनांतून जपून ठेवलेले फुप्फुसाचे नमुने आणि जुने अहवाल पुन्हा तपासले. बहुतेक सर्वांच्या फुप्फुसांत जीवाणूंचा न्यूमोनिया होता. इन्फ्लुएन्झाने दार फोडले, घर लुटले ते मागून आलेल्यांनी. आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर केसांसारखे तंतू असतात, ते सतत वरच्या दिशेने लाटेसारखे हलत कचरा घशाकडे ढकलतात. इन्फ्लुएन्झा हे अस्तर सोलून काढतो. मग जो येईल त्याला मोकळे रान.

ही गोष्ट प्रयोगाने पहिल्यांदा सिद्ध केली रिचर्ड शोप यांनी, १९३१ मध्ये, डुकरांवर. शोप मूळचे आयोवाचे, डुकरे पाळणाऱ्या मुलखातले. त्यांनी आजारी डुकरांच्या स्रावातून जीवाणू गाळून उरलेला विषाणू दिला, तर डुकरांना किरकोळ ताप आला. नुसता जीवाणू दिला, तर फारसे काही झाले नाही. दोन्ही दिले, तर डुकरे गंभीर आजारी पडली. दोघे मिळून जे घडले ते एकट्याकडून घडत नव्हते. दोनच वर्षांनी लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यात माणसाचा इन्फ्लुएन्झा विषाणू वाढवून दाखवला आणि फायफरांचा जीवाणू बाजूला झाला. शोप यांचे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही. माझ्या हिशेबी दुहेरी संसर्गाच्या शास्त्राचा पाया त्या शेतावरच्या डुकरांनी घातला.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल की दोन जंतू आले की दुप्पट संकट, एवढेच. तसेही नाही, आणि हा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो.

१९५७. लंडनच्याच राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले तरुण झाँ लिंडनमान काम करत होते. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाभोवतीच्या पातळ पडद्याचे तुकडे त्यांनी बशीत घेतले. त्यावर तापवून निकामी केलेला इन्फ्लुएन्झा विषाणू टाकला. नंतर जिवंत विषाणू टाकला, तर तो वाढेना. मग त्यांनी भोवतालचा द्रव काढून ताज्या, कधीच विषाणू न पाहिलेल्या पडद्यावर ओतला. तिथेही विषाणू वाढेना. म्हणजे पहिल्या पेशींनी काहीतरी बाहेर सोडले होते, शेजाऱ्यांना सावध करणारे. त्याला त्यांनी नाव दिले इंटरफेरॉन. चाळीत एका घरात चोर शिरला की तिथला माणूस ओरडतो आणि बाकीचे आपापल्या कड्या लावतात. पेशींचे तसेच असते. त्यामुळे पुढचा काही काळ दुसऱ्या विषाणूलाही आत शिरणे अवघड जाते.

हे माणसांच्या वस्तीतही दिसते. २००९ मध्ये एच१एन१ युरोपात आला तेव्हा फ्रान्स आणि स्वीडनमध्ये शरद ऋतूतल्या नेहमीच्या सर्दीच्या, म्हणजे ऱ्हायनोव्हायरसच्या साथीने त्याची वाटचाल लांबवली असे तिथल्या संशोधकांनी मांडले. येल विद्यापीठातल्या एलेन फॉक्समन यांच्या गटाने २०२० मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या श्वासनलिकेच्या पेशींवर दाखवले की आधी ऱ्हायनोव्हायरस येऊन गेला तर इन्फ्लुएन्झाची वाढ रोखली जाते, ती याच इंटरफेरॉनमुळे.

मग फ्लू आणि कोविड यांचे काय? इथे उत्तर सरळ नाही. वुहान विद्यापीठात पेशींवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांत आधीच्या इन्फ्लुएन्झाने पेशींवरचे एसीई२ वाढवले आणि कोविडच्या विषाणूला प्रवेश सोपा केला. हाँगकाँगमध्ये हॅमस्टरना दोन्ही विषाणू दिले तेव्हा फुप्फुसांची हानी एकेकट्या विषाणूपेक्षा जास्त झाली. दुसऱ्या काही प्रयोगांत एकाने दुसऱ्याची वाढ दाबली. कोण आधी आला, किती दिवसांच्या अंतराने आला, यावर बरेच ठरते. मला हा गुंता निराशेचा वाटत नाही. शरीर कसे काम करते ते इथे डोळ्यांना दिसते.

माणसांचा मोठा हिशेब आपल्याला ब्रिटनमधून मिळाला. ६ फेब्रुवारी २०२० ते ८ डिसेंबर २०२१ या काळात तिथल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या २,१२,४६६ प्रौढ कोविड रुग्णांची नोंद एका अभ्यासात होती. तो मार्च २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यातल्या ६,९६५ जणांचीच इतर श्वसन-विषाणूंसाठी तपासणी झाली होती. हा आकडा जरा मनात ठेवा. त्या ६,९६५ पैकी ५८३ जणांमध्ये दुसरा विषाणू सापडला, आणि त्यातले २२७ इन्फ्लुएन्झाचे. ज्यांना कोविडसोबत इन्फ्लुएन्झा होता, त्यांना व्हेंटिलेटर लागण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर नुसत्या कोविडच्या तुलनेत ४.१४ निघाले, मृत्यूचे २.३५.

हे आकडे भयंकर आहेत, पण ते जपून वाचले पाहिजेत. ज्यांची प्रकृती जास्त बिघडली त्यांचीच जादा तपासणी झाली असण्याची शक्यता आहे. बराचसा काळ लसीच्या आधीचा आहे. घरी राहून बरे झालेले यात नाहीतच. इस्रायलची ती स्त्री बरी होऊन घरी गेली हेही तितकेच खरे आहे. तरीही मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा विकार, म्हातारपण, गरोदरपण असलेल्या माणसाने हा दुहेरी मार हलका समजू नये, एवढे निश्चित. मुलांचेही तसेच. अमेरिकेत २०२१-२२ च्या हंगामात इन्फ्लुएन्झाने दगावलेल्या ४४ मुलांपैकी सातजणांना कोविडही होता.

आणि आता तो मनात ठेवलेला आकडा. दोन लाखांहून जास्त माणसांपैकी सात हजारांनाच ‘आणखी काय?’ हा प्रश्न विचारला गेला. बाकीच्यांच्या केसपेपरवर कोरी ओळ नव्हतीच.

साथीच्या सुरुवातीला हे उलट बाजूने घडले होते. २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत कोरोनाचे किट मोजके होते, म्हणून ठिकठिकाणी आधी फ्लूची तपासणी व्हायची. ती पॉझिटिव्ह आली की सुटकेचा निःश्वास: फ्लूच आहे, दुसरे काही नाही. बीजिंगच्या चीन-जपान मैत्री रुग्णालयातल्या एका ६९ वर्षांच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध आहे. तो वुहानला जाऊन आलेला. नाकातल्या स्वॅबमध्ये इन्फ्लुएन्झा ए सापडला, कोरोना नाही. प्रकृती ढासळत गेली. शेवटी फुप्फुसाच्या खोलवरून धुऊन काढलेल्या द्रवात दोन्ही विषाणू मिळाले. त्याच वसंतात अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी आपल्याकडचे कोरोना-पॉझिटिव्ह नमुने पुन्हा तपासले. ११६ पैकी सुमारे एकपंचमांश नमुन्यांत आणखी एखादा जंतू होता. दुसरा जंतू सापडला म्हणून कोरोना नाही असे समजू नका, हे त्यांनी तेव्हाच बजावले होते. दोनच वर्षांनी मी तीच चूक आरशातल्यासारखी उलटी केली. कोरोना सापडला म्हणून फ्लूकडे पाहिले नाही.

ही तपासणी नुसती नोंदीसाठी हवी असते तर मी एवढा आग्रह धरला नसता. ती उपचारासाठी हवी आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी करते, आणि ऑक्सिजनवरच्यांचे एकपंचमांशाने. त्या एका गोळीने आपल्याकडेही हजारो घरे वाचवली. पण इन्फ्लुएन्झाच्या न्यूमोनियात स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांत मृत्यू जास्त दिसल्याचे अनेक निरीक्षणे सांगतात. ते स्टेरॉइडमुळे, की मुळातच जास्त आजारी असलेल्यांना स्टेरॉइड दिल्यामुळे, यावर मतभेद आहेत. काहीही असो, फ्लूच्या रुग्णाला विषाणूवरचे औषध न देता नुसते स्टेरॉइड देणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून दार उघडे ठेवणे. मावशींच्या बाबतीत चार दिवस मी तेच केले. दोन्ही आजार असतील तर कोविडचे उपचार चालू ठेवून ओसेल्टामिविर जोडायचे असते. त्यात अवघड असे काहीही नाही. अवघड आहे ते आठवणे.

तपासणीचे आपल्याकडे काय? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे, एनआयव्हीचे, नाव तुम्ही जाणता. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून ती सुरू झाली. जानेवारी २०२० मध्ये देशातल्या पहिल्या, केरळातल्या कोविड रुग्णाचे निदान तिथेच पक्के झाले. पुढे एकाच स्वॅबमधून इन्फ्लुएन्झा आणि कोविड दोन्ही शोधायची पाळत देशातल्या सरकारी प्रयोगशाळांच्या जाळ्यात सुरू झाली. हे काम फार मोलाचे आहे आणि त्याचे कौतुक कमी होते. पण पाळत म्हणजे साथ कुठे आहे ते कळण्यासाठी; तुमच्या-माझ्या आईच्या खाटेशी ती वेळेत पोचेलच असे नाही. खासगीत दोन्ही तपासण्या एकत्र करायच्या तर काही हजार रुपये पडतात. भाजी विकणाऱ्या घराला तो आठवड्याचा धंदा आहे. म्हणून साथीच्या दिवसांत, गंभीर रुग्णाला, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ही दुहेरी तपासणी मोफत आणि त्याच दिवशी मिळाली पाहिजे. समोर जिल्हा परिषदेतले काही जण बसले आहेत. त्यांनी हे वाक्य लिहून घ्यावे.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे: फ्लूची लस. २०२० आणि २०२१ मध्ये मास्क, बंद शाळा आणि थांबलेले प्रवास यांमुळे फ्लू जगातून जवळजवळ गायब झाला होता. इन्फ्लुएन्झा बीचा यामागाता नावाचा वंश तर मार्च २०२० नंतर कुठेच खात्रीने सापडलेला नाही, आणि आता तो लसीतूनही काढला जातो आहे. पण बाकीचे परत आले. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ ने देशभर डोके वर काढले तेव्हा आपल्याच राज्यातल्या एका तरुणाच्या मृत्यूच्या बातमीत फ्लू आणि कोविड ही दोन्ही नावे शेजारी-शेजारी वाचून मी बराच वेळ पेपर हातात धरून बसलो होतो.

आपल्या हवेत फ्लू दोनदा येतो: पावसाळ्यात, आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमाराला. महाराष्ट्रात पावसाळ्याची लाट मोठी. त्यामुळे फ्लूची लस पाऊस सुरू होण्याआधी, एप्रिल-मे मध्ये घ्यायची. विषाणू रूप बदलतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. २००९ च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. चौदा वर्षांची मुलगी होती. त्यानंतरचे ते रुग्णालयाबाहेर रांगा लावून उभे असलेले, रुमालाने तोंड बांधलेले पुणे मी पाहिले आहे. २०१५ पासून आपले राज्य गर्भवती स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत देत आले आहे. ही गोष्ट माहीत असणारी माणसे मला आजही फार कमी भेटतात. माझ्या ओपीडीत मी विचारतो, “फ्लूची लस घेतली?” उत्तर येते, “घेतल्या ना दोन्ही, कोविशील्ड.”

मावशी पुढच्या वर्षी मे महिन्यात आल्या. दप्तर पाठीला लावलेला नातू बोट धरून बरोबर. लशीची कुपी बघून म्हणाल्या, “माझ्या तर झाल्यात सगळ्या.” मी सांगितले, त्या त्या आजाराच्या; हा दुसरा. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग लुगड्याचा पदर सावरून उजवा दंड पुढे केला. “डाव्यावर त्या टोचल्या हुत्या. ही हितं टोचा, म्हंजी गल्लत व्हायची न्हाई.” नातवाने आपण होऊन बाही वर केली.